वनराज खरा कोणता? फळझाडांच्या जाती डीएनए ठशांवरून ओळखण्याची आणि संकर तपासण्याची रीत

बडोद्याच्या बाजारात वनराज आंबा म्हणून विकले जाणारे प्रत्येक कलम वनराजच असेल असे नाही. सावली, वाघोडिया, डभोईकडच्या जुन्या आंबावाड्यांत झाडांची नावे तोंडी चालत आली आहेत. लावणारा गेला, वाटण्या झाल्या, मधे कधी कलम जळाले आणि खालचा खुंट फुटून मोठा झाला, तरी नाव तेच राहिले. फळ हातात असेल तर जाणता माणूस पुष्कळदा बरोबर ओळखतो. पण झाड अजून फळावर आलेले नसेल, रोपवाटिकेतून आणलेल्या दोनशे कलमांबद्दल शंका असेल, किंवा मुद्दाम केलेल्या संकराची रोपे खरोखर संकराची आहेत का हे पाहायचे असेल, तर पानातल्या डीएनएला विचारावे लागते.

मात्र डीएनए ठसा झाडाचे नाव सांगत नाही. दोन नमुने एकच आहेत की वेगळे, आणि वेगळे असतील तर त्यांचे नाते काय, एवढेच तो सांगतो. नाव द्यायला खात्रीचे संदर्भ झाड लागते. म्हणून या कामातला मोठा भाग प्रयोगशाळेत नव्हे, वाडीत होतो, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

ठसा म्हणजे नेमके काय

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 साली माणसांसाठी ही कल्पना मांडली. फळझाडांसाठी आज मुख्यतः सूक्ष्म पुनरावृत्ती, म्हणजे एसएसआर, वापरतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी जीए-जीए-जीए असे दोन-तीन अक्षरांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात हे जातीजातीत बदलते. आंब्यात 40 गुणसूत्रे जोडीने असतात, म्हणून प्रत्येक जागेवर दोन प्रती मिळतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. एका प्रतीत 12 पुनरावृत्त्या आणि दुसरीत 16 असतील तर त्या जागेचे तुकडे मोजल्यावर, समजा, 152 आणि 160 अक्षरांचे भरतात. अशा 10 ते 20 जागांचे आकडे ओळीने लिहिले की झाला त्या झाडाचा ठसा.

कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, त्यामुळे एका मातृवृक्षाच्या सगळ्या कलमांचा ठसा एकच. बाठ्यापासून उगवलेल्या रायवळाचा ठसा आईपेक्षा वेगळा. अपवाद बहुभ्रूणी जातींचा. दक्षिण किनाऱ्यावरच्या ओलूर, कुरुक्कन, बप्पकाई यांसारख्या आंब्यांत एका बाठ्यातून अनेक रोपे येतात आणि त्यातली बरीचशी आईची हुबेहूब नक्कल असतात. आपल्याकडचे केसर, हापुस, लंगडा, दशेरी हे एकभ्रूणी आहेत, तेव्हा त्यांचे बाठ्याचे रोप कधीच तीच जात नसते.

आधी प्रश्न लिहून काढा

"डीएनए टेस्ट करून द्या" एवढ्यावर प्रयोगशाळेला काही करता येत नाही. ही दोन झाडे एकच कलम आहेत का, हा सर्वांत सोपा प्रश्न. 8 ते 10 चांगल्या जागांत भागतो. हे झाड खरोखर केसर आहे का, यासाठी खात्रीच्या केसरचा नमुना त्याच यंत्रावर, त्याच दिवशी चालवावा लागतो. ही रोपे माझ्या संकराची आहेत का, यासाठी आई आणि बाप दोघांचे नमुने हवेत, मग 4 ते 6 निवडक जागा पुरतात. या जुन्या झाडाचे आईबाप कोण, हा सर्वांत अवघड; 15 ते 20 किंवा जास्त जागा आणि शक्य तितक्या संभाव्य पालकांचे नमुने लागतात. नाहीतर सरळ एसएनपी पद्धतीने, म्हणजे एकेका अक्षराच्या फरकावरून, शेकडो जागा तपासाव्या लागतात.

एक प्रश्न मात्र विचारूच नये. खंडेराव मार्केटमध्ये घेतलेला केसर गीरमधल्या तालाळ्याचा आहे की बडोद्याजवळचा, हे या ठशातून कळत नाही. गीर केसरला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते प्रदेशाला. तालाळ्याची काडी आणून पाद्र्यात कलम बांधले तर दोन्हीकडचा ठसा एकच येणार.

पान तोडताना

संशयित झाडाला आधी क्रमांक द्या आणि खोडावर ॲल्युमिनियमची पट्टी बांधा. रंगाने लिहिलेला आकडा दोन पावसाळ्यांत जातो. पट्टी तारेने आवळू नका, खोड जाड झाले की तार सालीत रुतते. वहीत क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, जमिनीपासून एक मीटरवर खोडाचा घेर, मालक सांगतो ते नाव आणि कलमाचा जोड दिसतो का, हे टिपा.

जोड नीट पाहा. पान नेहमी जोडाच्या वरच्या, मोठ्या फांदीवरून घ्यायचे. बुंध्यातून आलेला फुटवा हाताला सोपा असतो म्हणून तोच तोडला जातो, आणि मग अहवालात खुंटाचा ठसा येतो. जोड दिसत नसेल तर दोन विरुद्ध बाजूंच्या फांद्यांवरून दोन वेगळे नमुने घ्या आणि एक बुंध्याच्या फुटव्यावरून. वरचे दोन जुळले आणि खालचा वेगळा आला तर झाड कलमी आहे आणि वरचा भाग शाबूत आहे. तिन्ही जुळले तर झाड बाठ्याचे आहे, किंवा कलम मरून खुंटच वाढला आहे. दोन्ही बाबतींत त्याला मातृवृक्ष म्हणून वापरू नये.

पान कोणते घ्यावे यावर पुढचे सगळे अवलंबून. आंब्याच्या जून पानात फिनॉल, चीक आणि चिकट शर्करा भरपूर असतात; त्या डीएनएला चिकटतात आणि पुढची क्रिया बंद पाडतात. तांबूस पालवी उलटून फिकट हिरवी होऊ लागते त्या टप्प्यावरचे, लिबलिबीत पण पूर्ण पसरलेले पान सर्वांत चांगले. अगदी तांबडे पान तोडले तर रंगद्रव्य त्रास देते. आपल्याकडे फळे उतरल्यानंतर पावसाळ्यात नवी पालवी येते, पुढे दिवाळीच्या आसपास कधी कधी पुन्हा. फवारणी झाली असेल तर आठवडाभर थांबा. तुडतुड्यांचा चिकटा किंवा काळी बुरशी असलेले पान घेऊ नका, बुरशीचा डीएनएही सोबत येतो.

पान ओल्या कापडाने पुसून कोरडे करा, मधली शीर काढून टाका, पाते बोटभर रुंद तुकड्यांत फाडा. चहा गाळायच्या कागदी पिशवीत किंवा साध्या गाळणकागदाच्या पाकिटात घालून ते पाकीट सिलिका जेल असलेल्या झिपच्या पिशवीत ठेवा. एक ग्रॅम पानाला किमान 10 ग्रॅम सिलिका हवी. पान 24 तासांत कुडकुडीत वाळले पाहिजे; तीन दिवसांनीही वाकत असेल तर सिलिका कमी पडली. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पहिल्या दिवशी सिलिका बदलावीच लागते. निळी सिलिका गुलाबी झाली किंवा नारिंगी हिरवी झाली की ती ओलावली. नारिंगी जातीची घ्या, निळीत कोबाल्ट क्लोराइड असते. उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळवलेले पान चालत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून दोन दिवस गाडीत राहिलेले पान तर टाकूनच द्यावे. ते काळे पडते आणि डीएनए तुटतो.

पाकिटावर पेन्सिलने लिहा. शाईवर अल्कोहोलचा एक थेंब पडला तरी नाव पुसते. प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक नमुना मुद्दाम वेगळ्या क्रमांकाने दोनदा घ्या आणि कोणता ते प्रयोगशाळेला सांगू नका. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर बाकीच्या अहवालावर किती भरवसा ठेवायचा ते कळते.

पान मिळत नसेल, फक्त फळ असेल, तरी काम होते. साल, गर आणि बाठ्याचे कठीण कवच हे आईच्या झाडाचे ऊतक, म्हणून ठसा सालीतून काढावा. बाठ्यातली कोय हे पुढच्या पिढीचे रोप आहे, त्यात परक्या झाडाचा परागही आलेला असतो. कोय पाठवून "जात कोणती" असे विचारले की चुकीचे उत्तर येते, आणि दोष यंत्राला दिला जातो.

संदर्भ झाड

खात्रीचा नमुना कृषी विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या संग्रहातून घ्यावा, झाडाच्या नोंदणी क्रमांकासह. बडोद्याहून आणंद जवळ आहे. नवसारी कृषी विद्यापीठाचे परिया केंद्र वलसाड जिल्ह्यात आहे, हापुस आणि बनेशान यांच्या संकरातून सोनपरी तिथेच निघाली. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेत देशभरच्या आंब्यांचा मोठा संग्रह आहे. संग्रहातही पाटी चुकलेली असू शकते. म्हणून एका जातीचे किमान दोन संदर्भ, दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्या. ते एकमेकांशी जुळले तरच तो संदर्भ धरा.

प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातले आकडे घेऊन आपल्या आकड्यांशी जुळवू नका. यंत्र, रंग आणि मापपट्टी बदलली की तोच तुकडा एकीकडे 152 आणि दुसरीकडे 154 भरतो.

डीएनए काढणे

पुढचे टप्पे महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करण्याचे आहेत. क्लोरोफॉर्म आणि मर्कॅप्टोइथेनॉल घरच्या खोलीत उघडण्याच्या वस्तू नव्हेत. धूर ओढणाऱ्या कपाटातच काम करा, नायट्राइल हातमोजे घाला. वाडीवाल्यानेही हा भाग वाचावा, म्हणजे "नमुना फेल गेला" असे कळवले तर नेमके काय विचारायचे ते समजते.

सीटॅब (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारे साबणासारखे द्रव्य) द्रावण, 100 मिलिसाठी: सीटॅब 2 ग्रॅम, मीठ (सोडियम क्लोराइड) 8.18 ग्रॅम, 1 मोलर ट्रिस (पीएच 8.0) 10 मिलि, 0.5 मोलर ईडीटीए (पीएच 8.0) 4 मिलि, पीव्हीपी 2 ग्रॅम, बाकी निर्जंतुक पाणी. मर्कॅप्टोइथेनॉल साठवणीच्या द्रावणात घालू नका. त्या दिवशी लागेल तेवढ्या 10 मिलि द्रावणात 200 मायक्रोलिटर घाला. थंडीत सीटॅब तळाशी पांढरे साचते, तेव्हा द्रावण 65 अंशांवर गरम करूनच वापरा आणि बर्फात ठेवू नका.

आंब्यासाठी सीटॅबच्या आधी एक धुणे घाला. सॉर्बिटॉल 6.38 ग्रॅम, 1 मोलर ट्रिस 10 मिलि, 0.5 मोलर ईडीटीए 1 मिलि, पीव्हीपी 1 ग्रॅम, पाणी 100 मिलिपर्यंत. वापरताना 1 टक्का मर्कॅप्टोइथेनॉल. या धुण्याने चिकटपणा आणि फिनॉल आधीच निघून जातात, पेशींची केंद्रके मात्र शाबूत राहतात. हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी गाळतात आणि मग तेच नमुने दोनदा काढावे लागतात.

1. वाळलेले पान 20 ते 30 मिलिग्रॅम (ताजे असेल तर 100) 2 मिलिच्या नळीत स्टीलच्या दोन गोळ्यांसह बारीक पूड होईपर्यंत कुटा. पूड मैद्यासारखी हवी, रवाळ राहिली तर निम्मा डीएनए आतच राहतो.
2. सॉर्बिटॉल द्रावण 1 मिलि घालून हलवा, 5000 जीवर (गुरुत्वाच्या 5000 पट जोराने) 5 मिनिटे फिरवा, वरचे पाणी टाका. वरचे पाणी तारेसारखे ओढले जात असेल तर पुन्हा धुवा, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही.
3. गरम सीटॅब 700 मायक्रोलिटर घाला, 65 अंशांवर 45 मिनिटे ठेवा, दर 10 मिनिटांनी उलटसुलट करा.
4. नळी खोलीच्या तापमानाला आली की तितकेच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (24:1) घाला, 10 मिनिटे हलक्या हाताने उलटवत राहा, 12000 जीवर 10 मिनिटे फिरवा.
5. वरचा थर 500 मायक्रोलिटर नव्या नळीत घ्या, मधला पांढरा पापुद्रा ओढू नका. आरएनेज ए (10 मिलिग्रॅम प्रति मिलि) 5 मायक्रोलिटर घालून 37 अंशांवर अर्धा तास ठेवा. थर गढूळ असेल तर क्लोरोफॉर्म पुन्हा करा.
6. 5 मोलर मीठ 250 मायक्रोलिटर घाला, मग गार आयसोप्रोपॅनॉल 500 मायक्रोलिटर. उणे 20 अंशांवर 20 ते 30 मिनिटे ठेवा.
7. 12000 जीवर 10 मिनिटे फिरवा, गोळी 70 टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, 10 ते 15 मिनिटे उघडी वाळवा, 50 ते 100 मायक्रोलिटर द्रावणात (10 मिलिमोलर ट्रिस, 0.1 मिलिमोलर ईडीटीए) विरघळवा.

सहाव्या टप्प्यातले जादा मीठ शर्करेला द्रावणात धरून ठेवते आणि डीएनए एकटा खाली बसतो. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले की मीठही साचते आणि शर्कराही, म्हणून "उद्या करू" इथे चालत नाही. शेवटी ईडीटीए कमी ठेवण्याचे कारण असे की तो पुढच्या क्रियेतले मॅग्नेशियम पकडून ठेवतो.

गोळी तपकिरी असेल तर फिनॉल हवेने काळे पडले आहे: पान जून होते, वाळायला वेळ लागला किंवा मर्कॅप्टोइथेनॉल शिळे होते. गोळी जेलीसारखी पारदर्शक असेल तर ती शर्करा, आणि असा नमुना जेलच्या खाचेत न बसता वर तरंगतो. गोळी फार वाळली तर विरघळतच नाही; 55 अंशांवर तासभर ठेवून पाहा. प्रकाशशोषणाचे 260/280 गुणोत्तर 1.8 च्या आसपास असावे, पण आंब्यात 260/230 जास्त महत्त्वाचे. ते 1 च्या खाली असेल तर आकडा कितीही मोठा दिसो, पुढची क्रिया अडखळेल. यंत्र अशुद्धतेलाही डीएनए समजून मोजते, म्हणून 0.8 टक्के ॲगरोज जेलवर एकदा डोळ्यांनी पाहा. वर एकच घट्ट पट्टी हवी. खालपर्यंत धुरकट ओघळ असेल तर डीएनए तुटलेला आहे.

पीसीआर आणि मोजणी

पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या जागेच्या असंख्य नकला काढणे. 15 मायक्रोलिटरच्या क्रियेत डीएनए 20 नॅनोग्रॅम, मॅग्नेशियम 2 मिलिमोलर, प्रत्येक डीएनटीपी (डीएनएची सुटी अक्षरे) 0.2 मिलिमोलर, टॅक (नकला काढणारे विकर) 0.5 युनिट. प्रत्येक प्रायमरला (जागेची हद्द ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) वेगळा रंग लावून घेणे महाग पडते. त्याऐवजी पुढच्या प्रायमरला एम13 शेपटी (एक ठरलेला डीएनए तुकडा) जोडून एकच रंगीत एम13 प्रायमर सगळ्यांसाठी वापरता येतो. प्रमाण शेपटीचा 1, मागचा 4, रंगीत 4. तापमानक्रम: 94 अंश 5 मिनिटे; मग 30 फेऱ्या 94 अंश 30 सेकंद, 56 अंश 45 सेकंद, 72 अंश 45 सेकंद; मग रंग लागण्यासाठी 8 फेऱ्या, मधले तापमान 53 अंश; शेवटी 72 अंश 10 मिनिटे.

पट्टी आलीच नाही तर डीएनए वाढवू नका, कमी करा. दहापट पातळ केलेला नमुना पुष्कळदा चालतो, कारण अडथळाही दहापट पातळ होतो. सोबत बीएसए (अडथळा धरून ठेवणारे प्रथिन) 0.3 मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर घालून पाहा.

मोजणी कॅपिलरी यंत्रावरच (तुकडे बारीक नळीतून पळवून त्यांची लांबी मोजणाऱ्या) करून घ्या. दोन अक्षरी पुनरावृत्तीत दोन जातींचा फरक 2 अक्षरांचा असू शकतो आणि 3 टक्के ॲगरोज जेलवर तो दिसत नाही. जेलच्या फोटोवर "जुळते" असा शिक्का मारलेला अहवाल पैसे देऊन घेऊ नये.

यंत्राच्या आलेखात प्रत्येक प्रतीचे एक शिखर दिसते. त्याच्या डावीकडे 2 अक्षरांवर बुटके शिखर असते, ती टॅकची घसरण. अडचण येते ती खऱ्या दोन प्रती 158 आणि 160 असतात तेव्हा. त्या वेळी 160 ची घसरण 158 मध्ये मिसळून डावे शिखर उजव्याइतके किंवा त्याहून उंच होते. डावे नुसते अर्धवट बुटके असेल तर एकच प्रत धरा. एकेका अक्षराच्या फरकाने जुळी शिखरे दिसत असतील तर टॅकने काही तुकड्यांना जादा ए जोडला, काहींना नाही. शेवटची 10 मिनिटे 30 केली की बहुधा जमते.

एका जागी तीन शिखरे आली तर सगळे नमुने पाहा. सगळ्यांतच तीन असतील तर तो प्रायमर टाकून द्या. आंब्याच्या जनुकसंचात जुन्या काळी दुपटीकरण झाले आहे आणि काही प्रायमर दोन जागी बसतात. एकाच नमुन्यात, अनेक जागांवर तीन-तीन असतील तर दोन झाडांची पाने एका पाकिटात गेली आहेत.

प्रत्येक प्लेटवर एक खाच डीएनएशिवाय आणि एक खाच ठरलेल्या संदर्भ झाडाची हवी. बिनडीएनएच्या खाचेत शिखर आले तर ती अख्खी प्लेट रद्द.

आकड्यांचा अर्थ

समजा वनराज म्हणवणारी सहा झाडे आणि दोन संदर्भ तपासले. तीन झाडे संदर्भांशी सर्व 12 जागांवर जुळली: ती वनराज. एक झाड एकाच जागी वेगळे आले, तिथे एक शिखर कमी होते. तो फरक नव्हे, बहुधा एक प्रत मोजताना गळली. तेवढी जागा पुन्हा चालवा. पाचवे झाड सात जागांवर वेगळे, पण प्रत्येक जागी निदान एक आकडा संदर्भाशी सामाईक. ते वनराजच्या बाठ्याचे रोप असण्याची दाट शक्यता. फळ चांगले असेल तर ती नवी, स्वतंत्र जात आहे, खोटा वनराज नव्हे. सहावे बहुतेक जागांवर वेगळे, सामाईक आकडे तुरळक. बुंधा पाहा, खुंट फुटून आला असेल.

जुळले म्हणजे योगायोगाने जुळले नसेल ना, हे हिशोबाने सांगता येते. नाते नसलेल्या दोन झाडांसाठी चांगल्या जागेवर जुळण्याची शक्यता 0.1 धरली तर 10 जागांवर ती एक हजार कोटीत एक होते. पण आंब्याच्या वाडीत सख्खी भावंडे शेजारी उभी असतात. त्यांच्यासाठी शक्यता प्रत्येक जागी 0.4 च्या आसपास, म्हणजे 10 जागांवर दहा हजारांत एक. अहवालात पहिलाच मोठा आकडा छापून येतो. दुसरा मागून घ्या.

ठसा जिथे हात टेकतो ते ठिकाण म्हणजे फांदीवर झालेला बदल. द्राक्षात तास-ए-गणेश ही थॉम्पसन सीडलेसच्या वेलीवर निघालेली निवड. मण्यांत फरक दिसतो, पण नेहमीच्या एसएसआरवर दोन्ही एकच दिसतात. हापुसच्या एखाद्या वेगळ्या फांदीची काडी काढून नवी जात म्हणून विकायची असेल तर डीएनए अहवाल तुमच्या बाजूने बोलणार नाही.

संकराची रोपे तपासणे

आंब्याच्या एका मोहोरात हजाराच्या घरात फुले असतात, त्यातली बरीचशी नर, आणि टिकणारी फळे अगदी मोजकी. हाताने परागण करायचे तर एका मोहोरावर शंभर फुले करण्यापेक्षा दहाच करा आणि मोहोर जास्त घ्या; बाकीची फुले व कळ्या काढून टाका, मलमलीची पिशवी बांधा. उमलण्याआधी उभयलिंगी फुलातला पुंकेसर चिमट्याने काढायचा आणि सकाळी बापाच्या ताज्या फुलातला पराग कुंचल्याने लावायचा. दशेरी आणि लंगडा स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाहीत, म्हणून आई म्हणून ते सोयीचे. दोन जातींची कलमे जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात एकत्र ठेवून आत माश्या सोडणे ही दुसरी रीत. तिच्यात फळे जास्त मिळतात, पण आई स्वतःचा पराग स्वीकारणारी असेल तर खरी संकर रोपे कोणती ते डीएनएशिवाय कळत नाही.

बाठे साठवू नका. फळ पिकल्यावर लगेच कवच फोडून कोय पेरा; आंब्याची कोय वाळली की मरते. रोपाला पहिली पालवी उघडली की पानाचे 6 मिलिमीटरचे चार-पाच तुकडे पंचाने काढा. प्रत्येक रोपानंतर पंच इथेनॉलमध्ये बुडवून पुसा. एका प्लेटमध्ये 96 खाचा, त्यात आई, बाप आणि एक कोरी, म्हणजे 93 रोपे.

प्रायमर निवडताना आधी फक्त आई आणि बाप चालवून पाहा. ज्या जागांवर बापाचे दोन्ही आकडे आईत नाहीत त्या सोन्याच्या. आई 152/156 आणि बाप 160/164 असेल तर प्रत्येक खऱ्या संकरात 160 किंवा 164 दिसलाच पाहिजे. रोपात फक्त 152 आणि 156 असेल तर ते स्वपरागणाचे. 158 आला तर बाहेरचा पराग घुसला, पिशवी सैल होती. बापाचा एकच आकडा वेगळा असेल (आई 152/156, बाप 152/160) तर खऱ्या संकरातही तो निम्म्या वेळाच दिसेल. अशा पाच जागा मिळून चुकण्याची शक्यता 32 त 1 उरते. एकाच जागेवर बापाशी विसंगती आली तर रोप लगेच उपटू नका, पुन्हा चालवा. दोन किंवा जास्त जागांवर आली तर उपटा.

आम्रपाली ही दशेरी आणि नीलमची, मल्लिका नीलम आणि दशेरीची. आईबाप तेच, फक्त आई कोण ते उलट. दोघींचे ठसे वेगळे, पण दोघींतला प्रत्येक आकडा त्याच दोन झाडांतून आलेला. आई कोणती हे एसएसआर सांगत नाही. ते पाहायचे तर हरितलवकाचा डीएनए तपासावा लागतो, कारण तो सहसा आईकडूनच येतो.

गोडी, सालीचा रंग, टिकाऊपणा यांबद्दल हा ठसा काहीच बोलत नाही. आंब्यात अशा गुणांसाठी रोजच्या वापरातल्या खुणा थोड्या आहेत. पपईत चित्र वेगळे आहे. तिथे वाय गुणसूत्रावरच्या खुणेने दोन-तीन आठवड्यांच्या रोपातच मादी की उभयलिंगी ते कळते, आणि नर रोपे लावण्यातच जात नाहीत. आंब्याच्या बाबतीत वेळ वाचवायचा तर ठशाने खरी ठरलेली संकर रोपे जमिनीत लावून वर्षानुवर्षे थांबू नका. त्यांच्या काड्या मोठ्या झाडाच्या फांद्यांवर पाचर कलमाने चढवा, फळ बरेच लवकर दिसते. प्रत्येक फांदीला वेगळी पट्टी बांधा, आणि फळ धरल्यावर त्याच फांदीचे पान पुन्हा एकदा तपासून घ्या. चढवलेली काडी मेली आणि शेजारचा जुना फुटवा वाढला, असे होते.

कागदपत्रे

नवी जात नोंदवायची असेल तर वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 लागू होतो. फळझाडांसाठी संरक्षण 18 वर्षांचे. नोंदणीला वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य यांची शेतातली चाचणी लागते. पाने, मोहोर, फळ, बाठा यांची मोजमापे तिथे मुख्य, डीएनए ठसा त्याला जोड म्हणून. म्हणून पहिल्या वर्षापासून दरवर्षी निदान दहा फळांचे वजन, लांबी-रुंदी, रिफ्रॅक्टोमीटरवरचा ब्रिक्स (गोडीचा आकडा), बाठ्याचे वजन आणि मापपट्टीसह फोटो ठेवा.

रोपवाटिकेशी वाद होण्याची शक्यता दिसत असेल तर पाने एकट्याने तोडू नका. दोन्ही बाजूंच्या समोर, प्रत्येक झाडाचे दोन संच घ्या, पाकिटांवर सह्या करा, एक संच मोहरबंद करून स्वतःजवळ सिलिकात ठेवा. नीट वाळलेले पान कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षे टिकते. प्रयोगशाळेला पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या: किती जागा तपासणार, कॅपिलरी यंत्र की जेल, संदर्भ झाडे कोणती आणि कुठली, आलेखाच्या कच्च्या फाइली देणार का. शेवटच्या प्रश्नाला नकार आला तर दुसरी प्रयोगशाळा शोधा, कारण त्या फाइलींशिवाय दोन वर्षांनी आलेले नवे झाड जुन्या निकालांशी ताडून पाहता येत नाही.